दोन बोटं माया

अकरा वर्षं दुकानात बसून रस्ता बघितलेल्या बाईला एक दिवस उठवलं, बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि सांगितलं, आता दुकानाकडे बघ, तर ती काय बघेल? आत्यानं आधी पाटी बघितली. ‘येथे कपडे आल्टर करून मिळतील’ यातला ‘मि’ कधीच उडाला होता.

“अगं, ‘ळतील’ झालंय तिथं. कधीपासनं?”

“प्रश्न मी विचारणार,” काउंटरमागून आवाज आला. “तुम्ही फक्त उत्तरं द्यायची. पूर्ण नाव?”

“लोक काय म्हणत असतील.”

“बाई, नाव सांगताय की पुढच्याला बोलावू?”

आत्याच्याच स्टुलावर पाय हलवत तिची भाची बसली होती. सतरा संपत आलेली, शाळेला नववीतच हात जोडलेली, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सरांनी विनाकारण उभं केलं, तर ही म्हणाली उभंच केलंय तर चालायला काय जातंय, आणि जी वर्गाबाहेर चालत गेली ती परत आत गेलीच नाही. गल्लीत तिला ठिणगी म्हणायचे. सध्या ठिणगी कोपऱ्यावरच्या फॉर्मवाल्याकडे कामाला होती. दिवसभर लोकांचे परदेशाचे फॉर्म भरायची, त्यामुळे कॉन्सुलेटच्या खिडकीत काय विचारतात ते तिला पाठ होतं. फॉर्मवाल्याच्या कागदावर अकरा प्रश्न होते. ठिणगीनं स्वतःच्या डोक्यानं भर घालून सत्तावीस केले होते.

आणि तीन आठवड्यांनी त्या खिडकीसमोर आत्याला उभं राहायचं होतं.

झालं होतं असं. अख्खी गल्ली जिला आत्या म्हणायची आणि पॅंट आखूड करायला द्यायची, ती मूळची कोटाची कारागीर. कोटाचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनं हे दुकान टाकलं, आणि तेव्हापासून एकही कोट तिच्या हाताखालून गेला नव्हता. पॅंट आखूड कर, चेन बदल, कंबर ढिली कर, कंबर घट्ट कर. तलवारीनं भाजी चिरायची म्हणतात, तसलं. पण त्या कारखान्यातली एक जुनी मैत्रीण परदेशात लागली होती, अजून हातानं कोट शिवतात अशा ठिकाणी. तिनं आत्याचं नाव सुचवलं. आत्यानं नमुन्याचा एक कोट शिवून पाठवला. तिकडून पत्र आलं, दोन वर्षांचं काम आहे, या. आता राहिला होता तेवढा व्हिसा. तो नाही मिळाला तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला असलं पत्र दुसऱ्यांदा कोण धाडतंय.

“वकिलात म्हणजे तिथं वकील असतो का गं?” आत्यानं विचारलं.

“वकील नसतो. खिडकी असते. खिडकीत साहेब असतो आणि साहेबाशेजारी दुभाषी असते. विचारलं तेवढंच बोलायचं. आपल्या मागच्या गल्लीतला गवंडी गेला होता ना, त्याला विचारलं, किती दिवसांचं काम आहे. हा म्हणाला, बरं वाटलं तर राहीन की तिकडंच. तीन मिनिटांत बाहेर.”

“खरं तेच बोलला बिचारा.”

“खरंच बोलायचं. पण खऱ्याला पण कात्री लावावी लागते. चला. किती वर्षं हे काम करताय?”

आत्यानं घसा साफ केला. “त्याचं असं झालं साहेब, मी तेव्हा चौदाची. आमच्या दादाला कारखान्यात चिकटून वर्ष झालं होतं, आणि मोठे मास्तर म्हणजे असा माणूस, की...”

“पस्तीस वर्षं. संपलं.”

“पस्तीस वर्षं,” आत्या म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “पण त्यातली खरी चोवीसच.”

ठिणगीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत्याच्या मागे येऊन उभं राहिलं आणि काउंटरकडे वाकून बघायला लागलं.

“रांगेत या काका,” ठिणगी म्हणाली. “पासपोर्ट आणलाय?”

“पॅंट आणलीय.”

“पॅंटीवर व्हिसा मिळत नाही. बसा बाकावर.”

आणि काका खरंच बसले. त्यांना वाटलं, काहीतरी नवीन पद्धत आली असेल.

रोज दुपारी, दुकान जरा रिकामं झालं की, हा खेळ चालायचा. ठिणगी आत, आत्या बाहेर. साहेब झाल्यावर ठिणगी आत्याला ‘तुम्ही’ म्हणायची, आणि भडकली की परत ‘तू’वर यायची, त्यामुळे मुलाखत संपली की चालूच आहे ते आत्याला बरोबर कळायचं. आणि ठिणगी भडकायची का, तर आत्याच्या एका उत्तराला धड शेवट म्हणून नसायचा. कुठं काम केलं विचारलं की आत्या कारखान्यात शिरायची आणि बाहेरच यायची नाही.

तिचाही दोष नव्हता. अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. पॅंट आखूड करून नेणारा माणूस, बाई तुम्ही आधी कुठं होतात, असं कशाला विचारेल? आणि आता एक पोरगी रोज कागद घेऊन बसायची आणि विचारायची, बोला, कुठं होतात. मग आत्याला सगळं दिसायचं. लांबच्या लांब टेबल, उत्तरेच्या खिडकीला लावलेलं, कारण उत्तरेचा उजेड कापडाचा रंग खोटा दाखवत नाही. टेबलाभोवती बाराजण. दुपारपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसत्या कात्र्यांचा आवाज. ओल्या लोकरीवर इस्त्री फिरली की उठणारा वास, जो संध्याकाळी घरी केसांतून यायचा. आणि कानामागे निळा खडू खोचून फिरणारे मोठे मास्तर. तयार कोट समोर आला की ते आधी उलटा करायचे. म्हणायचे, “बाहेरून काय, आरसासुद्धा बघतो. आतून दाखव.”

आतून काय बघायचे, तर माया. शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, ते सोडलंय का. “माणूस वाढतो, कापड वाढत नाही,” हे त्यांचं ठरलेलं. “पाठीला दोन बोटं माया सोड. आज हा पोरगा काडी आहे. उद्या याचं लग्न होईल, परवा पोट सुटेल. कोट त्याच्याबरोबर जायला नको?” आत्यानं पहिल्या वर्षी एका कोटाला एकच बोट माया ठेवली, तर मास्तरांनी अख्खी पाठ उसवायला लावली. ती रडत रडत उसवत होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीवर उभा असलेला तिचा दादा तोंड फिरवून हसत होता.

हे सगळं आत्या सांगायची आणि ठिणगी घड्याळ दाखवायची. “चार मिनिटं झाली. साहेबानं तुला कधीच हाकललं असतं.”

“मग काय सांगू?”

“प्रत्येक कोटात माया ठेवते, काम पक्कं करते, एवढं सांग. बास. तुझी अख्खी कारागिरी आली त्यात.”

आत्यानं ते घोकलं. ठिणगीनं प्रश्न आठपुढे बरोबरची खूण केली. दोघीही दुकानात वाढलेल्या, म्हणजे एक वाढलेली आणि एक म्हातारी व्हायला लागलेली, पण त्या शब्दात काही खोट असेल हे दोघींच्या स्वप्नातही आलं नाही.

अडत होतं ते प्रश्न एकोणीसवर.

“तुमच्या मागं इथं कोण आहे?”

“तू आहेस की.”

“मी साहेब आहे.”

“माझी भाची आहे, साहेब.”

“भाची चालत नाही. फॉर्मात रकाने कुठले? नवरा, मुलं, आईबाप. नवरा?”

“केला नाही.”

“मुलं?”

“नवराच केला नाही तर...”

“आईबाप?”

“गेले.”

“म्हणजे तीनही रकान्यात ‘नाही’. मग साहेब म्हणणार, या बाईला परत यायचं कारणच नाही. ही गेली की गेली. नकाराचा शिक्का मारणार आणि पुढचा. काय सांगशील?”

 रोज इथं आली की आत्या अडायची. चोवीस वर्षांचा कारखाना उभा करणारी बाई, तिला या एका प्रश्नाला शब्द सापडायचा नाही. एकदा ती म्हणाली, दुकान आहे. ठिणगी म्हणाली, भाड्याचं आहे. एकदा म्हणाली, मला इथलं सोडून करमणार नाही. ठिणगी म्हणाली, त्याचा दाखला कुठल्या ऑफिसात मिळतो? आणि तिसऱ्यांदा आत्या नुसतीच म्हणाली, “जाऊ दे ना. नाही मिळाला तर नाही.”

तेव्हा मात्र ठिणगीनं कागद काउंटरवर आपटला. “नाही मिळाला तर नाही? मग मी काय इथं झक मारायला बसते? तुला जायचंय का नाही ते एकदा सांगून टाक.”

“तुला मी जायला हवीय का, ते तू सांग.”

 ठिणगी शटरची काठी उचलून कारण नसताना कोपऱ्यातली जाळी काढायला लागली. शेजारच्या काकूंकडे ती राहील, जेवेल, असं ठरलं होतं. काकू चांगल्या होत्या. पण सातव्या वर्षी बाप गेला, आई तर त्याआधीच, तेव्हापासून रोज सकाळी डोळा उघडला की ज्या बाईचं मशीन ऐकू यायचं, ते यायचं थांबणार होतं, आणि ते थांबावं म्हणून हीच रोज दुपारी घसा फोडत होती. आत्याला ते दिसत नव्हतं असं नाही. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला बारीक दिसतंच.

दुसऱ्या दिवशी ठिणगी परत स्टुलावर बसली. रागाचं काही नाव नाही. कागद समोर, पेन हातात.

“कारखान्यात इस्त्रीला कोण होतं?”

आत्यानं तिच्याकडे बघितलं. सत्तावीस प्रश्न तिला पाठ झाले होते आणि हा त्यांत नव्हता.

“इस्त्रीला आमचे दादा होते, साहेब,” ती म्हणाली.

“काम कसं होतं त्यांचं?”

“खांद्यावरची इस्त्री त्यांच्यासारखी कुणाला जमली नाही. खांद्याखाली उशी घ्यायचे आणि कापडाला असं गोंजारत बसवायचे, की कोट हॅंगरवर असला तरी आत माणूस आहे असं वाटावं. शीळ घालता यायची नाही, पण दिवसभर घालायचे. नुसती हवा जायची.”

“रागीट होते?”

“तो? तो मुंगीला पण आधी वाट विचारून मग पाय टाकायचा. राग त्याच्याकडचा नाही. राग बहुतेक माझ्याकडचा आहे.”

ठिणगी लिहीत होती, किंवा लिहिल्यासारखं करत होती.

“त्यांना एक मुलगी होती,” आत्या पुढं म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. “झाली तेव्हा थंडी होती. तिला कपड्यात गुंडाळून कारखान्यात आणली आणि इस्त्रीच्या कोमट टेबलावर ठेवली. मोठ्या मास्तरांनी कानामागचा खडू काढला, टेप काढली, आणि गिऱ्हाइकाचं घेतात तसं तिचं माप घेतलं. छाती साडेतेरा. वहीत लिहिलं. म्हणाले, हिची माया भरपूर सोडा रे, ही पोरगी शिवणी फाडून वाढणार आहे.”

त्या दुपारी घड्याळ कुणी बघितलं नाही. एक बाई उसवलेली पिशवी घेऊन आली, दोघींकडे बघितलं, आणि पिशवी काउंटरवर ठेवून न बोलता निघून गेली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आत्यानं ट्रंकेतून स्वतःचं जाकीट काढलं. कारखान्यात तिनं शिवलेलं शेवटचं. अकरा वर्षांत आत्या दोन मापं वाढली होती. तिनं ते उलटं केलं, पाठ उसवली, आत सोडलेली माया मोकळी केली आणि परत शिवलं. बसलं. फक्त जुनी शिलाई होती तिथं एक गडद रेघ राहिली, कारण आत दडलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं.

कॉन्सुलेटमध्ये ठिणगीला आत सोडलं नाही. ज्याची मुलाखत त्यालाच सोडतात. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहिली, आणि रखवालदारानं तिला दोनदा मागं सरकवलं तेव्हा त्याच्याशी भांडली नाही, यावरून तिची काय अवस्था असेल ते समजा.

आत खिडकी होती, ठिणगीनं सांगितली तशीच. साहेब चाळिशीचा, दमलेला. शेजारी दुभाषी, चटपटीत पोरगी, शिकलेली, आयुष्यात सुई हातात धरली नसावी अशी. नाव, गाव, वर्षं, पत्र, सगळं कात्रीनं कापल्यासारखं नीट गेलं. मग साहेबानं काहीतरी विचारलं.

“साहेब विचारतात, तुमच्या कामात विशेष काय आहे?”

प्रश्न आठ. आत्याची कळी खुलली. “मी प्रत्येक कोटात माया ठेवते.”

दुभाषीनं भाषांतर केलं. साहेबाचं पेन थांबलं.

“साहेब विचारतात, म्हणजे कुठं ठेवता?”

“आत. शिलाईच्या आत दुमडून. बाहेरून कुणाला कळत नाही.”

साहेबानं खुर्ची पुढं ओढली.

“गिऱ्हाइकाला सांगता का?”

“गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? चांगला कारागीर सांगत नाही. गरज पडेल तेव्हा उसवून काढायची.”

“तुम्ही जिथं जाताय, त्या कारखान्याला हे माहीत आहे?”

“त्यांना तर तेच हवंय. नमुन्यात किती ठेवलीय ते बघूनच त्यांनी बोलावलं.”

साहेब आता पत्र परत वाचत होता, आणि यावेळी त्यातला प्रत्येक शब्द संशयानं वाचत होता. दुभाषी काचेजवळ वाकली. तिचा आवाज उतरला होता. “बाई, नीट आठवून सांगा. एका कोटात साधारण किती माया? आणि रोख असते का दागिने वगैरे?”

आत्याला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिच्या पाचावर धारण बसली. अरे देवा. या पोरीला माया म्हणजे पैसा. माणसं माया जमवतात ती माया. आणि आपण इतका वेळ साहेबासमोर छातीठोक सांगतोय, की मी लपवते, कुणाला कळू देत नाही, आणि मालकही त्यात सामील आहे.

विचारलं तेवढंच बोल, हे ती त्या क्षणी साफ विसरली. तिनं जाकीट अंगातून काढलं, उलटं केलं आणि पाठीची शिवण काचेला लावली. “ही. ही माया. कापड आहे कापड. दोन बोटं जास्तीचं. ही रेघ बघा, आधी इथं शिलाई होती. मी जाड झाले, मग आतली माया सोडली, आता मला बसतंय. पैसा कुठला आलाय, मी पॅंटी आखूड करते.”

दुभाषीनं आधी रेघ बघितली, मग आत्याकडे, मग तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं साहेबाला सगळं परत सांगितलं, बराच वेळ. साहेबानं काचेवरची शिवण डोळे बारीक करून बघितली. मग स्वतःच्या कोटाची कड उलटी केली आणि आत बोट घालून चाचपायला लागला. त्याचा कोट पाठीवर ताणलेला होता, हे आत्यानं आल्या आल्या बघितलं होतं.

“नाही सापडायची,” आत्या म्हणाली. “रेडीमेडमध्ये माया नसते.”

हे मात्र दुभाषीनं बरोबर पोचवलं असणार, कारण साहेब पहिल्यांदा हसला. पण हसला म्हणून सुटका नव्हती. त्यानं फॉर्म उलटला आणि तीन रकान्यांवरून पेन फिरवलं.

“साहेब विचारतात, नवरा नाही, मुलं नाहीत, आईवडील नाहीत. तुम्ही परत कशाला याल?”

आत्यानं जाकीट अंगात घातलं, बटणं लावली, आणि उत्तर दिलं. चार वाक्यं. साहेबानं त्यावर एक उलटा प्रश्न विचारला, तिनं त्याचंही उत्तर दिलं.

ती बाहेर आली तेव्हा ठिणगीनं रस्ता दोन्हीकडे न बघता ओलांडला.

“पासपोर्ट कुठाय?”

“ठेवून घेतला. म्हणाले, टपालानं येईल, आठ-दहा दिवसांत.”

ठिणगीला आता दुसरं काही विचारायचं राहिलं नाही. पासपोर्ट लगेच हातात परत देतात तो नकार, आणि ठेवून घेतात त्यावर शिक्का बसतो, हे तिनं स्वतः शंभर लोकांना सांगितलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं.” मग थोडं चालल्यावर परत म्हणाली, “बरं झालं ना.” आणि मग दोघी बस थांब्यापर्यंत चालत गेल्या.

थांब्यावर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, “एकोणीसला काय सांगितलंस?”

आत्यानं जाकिटाची एक सुरकुती हातानं दाबली. “सांगितलं, माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. सरळ शिलाई मारते, पण बटणांची काजं वाकडी येतात. कोटाची बाही तर तिला अजून मुंढ्यात बसवता येत नाही. ती बाही बसवायला शिकेपर्यंत मला मरायला पण सवड नाही, म्हणून परत येणार.”

“कोण मुलगी?”

आत्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“मी?” ठिणगी उठून उभी राहिली. “मी कधी मशीनला हात लावलाय? मी तुला सतरा वेळा सांगितलंय, मला शिवण नको, मला एका जागी बसवत नाही. साहेबाला खोटं सांगून आलीस तू. खिडकीत. एवढं घोकून घेतलं तरी.”

“सरळ शिलाई मारतेस की. त्या दिवशी पिशवी कुणी शिवली? मी शिवली नाही.”

ठिणगी थबकली. ती पिशवी तिनंच शिवून दिली होती, आत्या पाणी आणायला गेली तेव्हा, आणि तिला वाटत होतं कुणाला कळलं नाही.

“साहेबानं उलटं काय विचारलं?”

“विचारलं, शिकायला किती वेळ लागतो.”

“मग?”

“म्हटलं, मला चार वर्षं लागली. ही हट्टी आहे, हिला तीन.”

“आणि तुला निघायचं कधी?”

“सहा आठवड्यांनी.”

ठिणगी परत बसली. बस आली, दोघींनी तिच्याकडे बघितलं, आणि दोघींतली एकही उठली नाही. बस निघून गेली.

“काजं म्हणजे,” ठिणगी म्हणाली, रस्त्याकडेच बघत, “ते सहा आठवड्यांत होईल?”

“काजं होतील.”

“आणि बाही?”

“बाही मी आल्यावर.”

“मग आज दुकान उघडायचंय का घरी जायचंय?”

“अजून दुपार आहे,” आत्या म्हणाली. “उघडू.”